सीपीवरचा रिसर्च चांगला कसा होईल? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात सेरेब्रल पाल्सी म्हणजे सीपी (गर्भात, जन्मावेळी किंवा अगदी लहानपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम) असलेल्या मुलांच्या थेरपीबद्दल लिहिलं होतं, त्यात शेवटी मी म्हटलं होतं की या सगळ्यावर अजून चांगला रिसर्च व्हायला हवा. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच देतेय. बहुतेकांचं म्हणणं एकच, चांगला म्हणजे नक्की कसा ते सांगा ना. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, या मुलांबरोबर खूप वर्षं काम करतेय आणि काही ट्रायल्समध्ये, म्हणजे उपचार खरंच लागू पडतो का ते तपासणाऱ्या अभ्यासांमध्ये, मुलांची मोजमापं घेण्याचं कामही केलंय, तेव्हा दोन्ही बाजूंनी जे दिसलं आणि जे वाचलं त्यावरून उत्तरं देतेय. नावं सगळ्यांची काढून टाकलीयेत.

प्रश्न : ताई नमस्कार. माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, लेव्हल चार सांगितलीये (हालचालींच्या अडचणीच्या पाच पायऱ्यांमधली चौथी, पाचवी सगळ्यात गंभीर), आधार दिला की बसतो. आम्ही जिथे थेरपीला जातो तिथे एक ट्रायल सुरू होतेय, नवीन पद्धतीची जास्त तासांची थेरपी. आम्ही आनंदाने हो म्हटलं आणि मग कळलं की कुणाला नवीन थेरपी मिळणार ते कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणार, निम्म्या मुलांना नेहमीचीच मिळणार. मिस्टर म्हणतात आपल्या पोरावर कसले प्रयोग करायचेत, आणि द्यायचंच तर सगळ्यांना द्या ना. मलाही ते पटतंय. काय करू?
— एक आई

उत्तर : तुमचा राग अगदी समजतो, मूल आपलं असतं आणि त्याचा नंबर चिठ्ठीने लागणार म्हटल्यावर कुणालाही वाईट वाटेल. पण ही चिठ्ठी का लागते त्याचं एक खरं घडलेलं उदाहरण सांगते. कॅनडात क्विबेकमध्ये सीपीच्या मुलांना जास्त दाबाखाली ऑक्सिजन देण्याच्या उपचारावर ट्रायल झाली, २००१ मध्ये तिचे निकाल लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आले. १११ मुलं होती. अर्ध्यांना तो ऑक्सिजन दिला, अर्ध्यांना त्याच चेंबरमध्ये बसवून किंचित जास्त दाबाची साधी हवा दिली. आणि झालं काय तर दोन्ही गटांतली मुलं सुधारली, सारखीच सुधारली. आता विचार करा की दुसरा गटच नसता तर काय झालं असतं, सगळ्यांनी म्हटलं असतं बघा ऑक्सिजनने मुलं सुधारली, आणि कितीतरी आईबाप त्यामागे धावले असते, तरीही बरेच धावलेच म्हणा. आईबापांनी जे बघितलं ते खोटं नव्हतं, मुलं खरंच पुढे गेली होती, फक्त कारण ऑक्सिजन नव्हतं.

मुलं तशीही वाढत असतात हे आपण विसरतो. २००२ मध्ये कॅनडाच्याच ओंटारिओमधल्या साडेसहाशेच्या वर सीपी असलेल्या मुलांचा अभ्यास आला, त्यात प्रत्येक लेव्हलच्या मुलाची हालचालींची क्षमता वयाप्रमाणे कशी वाढत जाते त्याचे आलेख काढले होते. सुरुवातीच्या काही वर्षांत ही वाढ जोरात असते आणि नंतर सपाट होत जाते, लेव्हल एकच्या मुलांमध्ये साधारण पाचव्या वर्षापर्यंत आणि लेव्हल पाचच्या मुलांमध्ये त्याच्याही बरंच आधी नव्वद टक्के पल्ला गाठलेला असतो. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला कुठलीही थेरपी सुरू करा, सहा महिन्यांनी तो पुढे गेलेला दिसणारच. थेरपीमुळे किती आणि वयामुळे किती हे वेगळं काढायचं तर दुसरा गट लागतो, आणि कोण कुठल्या गटात हे डॉक्टरने ठरवलं तर नकळत जास्त बरी वाटणारी मुलं नव्या गटात जातात, म्हणून चिठ्ठी.

पण मिस्टरांची अर्धी बाजू मला मान्य आहे. ट्रायल अशी आखता येते की ज्यांना आधी मिळालं नाही त्यांना काही महिन्यांनी तीच थेरपी मिळेल, आणि अशा लांब चालणाऱ्या थेरपीच्या बाबतीत ते करायला फारसं अवघड नसतं. तेव्हा थेट विचारा, आमच्या मुलाला नंतर मिळणार का? वाट बघायच्या काळात त्याची नेहमीची थेरपी बंद तर होणार नाही ना? आणि मोजणाऱ्या माणसाला मूल कुठल्या गटातलं ते माहीत असणार का? हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. मी मोजायला बसायचे तेव्हा दारातच आईबापांना सांगायचे की कृपा करून कुठली थेरपी चालू आहे ते मला सांगू नका, कारण एकदा कळलं की आपला डोळा आपोआप सुधारणा शोधायला लागतो, कितीही प्रामाणिक असलात तरी. या प्रश्नांची नीट उत्तरं मिळाली तर जरूर भाग घ्या. आणि सही केली तरी कधीही बाहेर पडता येतं, त्यासाठी कारणही द्यावं लागत नाही आणि नेहमीच्या उपचारांवर त्याचा परिणाम व्हायला नको, हे तुमच्या फॉर्मवर लिहिलेलं असलं पाहिजे. नसेल तर सही करू नका.

प्रश्न : माझ्या नातवाला सीपी आहे. घरात सगळे म्हणतात डिलिव्हरीच्या वेळी डॉक्टरांनी उशीर केला म्हणून झालं. सून मात्र स्वतःलाच दोष देते. रिसर्च यावर काय म्हणतो? इतकी वर्षं झाली, अजून कारण कसं सापडत नाही?
— एक आजी

उत्तर : आजी, आधी सुनेला सांगा की तिचा काही दोष नाही.

आता कारणाचं. १८६१ मध्ये लंडनच्या विल्यम लिटल या सर्जननी मांडलं की अवघड बाळंतपण आणि मुलांच्या स्नायूंमधला कडकपणा यांचा संबंध आहे, त्यामुळे कितीतरी वर्षं या आजाराला लिटलचा आजार असंच म्हणायचे. १८९७ मध्ये फ्रॉइडनी, हो तेच मानसशास्त्रवाले, उलटी शंका काढली की गर्भातच काहीतरी आधी बिघडलेलं असेल आणि अवघड बाळंतपण हा त्याचाच परिणाम असेल तर? पण त्यांचं कुणी फार मनावर घेतलं नाही. मग अमेरिकेत १९५९ पासून पन्नास हजारांहून जास्त गरोदरपणांची माहिती गोळा केली गेली, मुलं मोठी होईपर्यंत त्यांच्याकडे लक्ष ठेवलं, आणि त्यावरून १९८६ मध्ये दिसलं की जन्मावेळी जीव गुदमरणं हे सीपीच्या थोड्याच मुलांमध्ये खरं कारण असतं. दरम्यान बाळाचे ठोके बघणारी मशीन सगळीकडे आली, सिझेरियन वाढली, तरी सीपीचं प्रमाण त्या हिशोबाने खाली आलं नाही. आता जनुकांमधल्या बदलांचीही भर पडलीये, आणि कमी दिवसांचं बाळ, गरोदरपणातलं इन्फेक्शन, बाळाला आलेला स्ट्रोक ही कारणं आहेतच. बहुतेक वेळा एकच कारण नसतं, दोनतीन गोष्टी एकावर एक येतात.

तुम्ही विचारलंत इतका वेळ का लागतो, तर याचं उत्तर रिसर्चच्या पद्धतीत आहे. मूल जन्मल्यावर पाच वर्षांनी आईला तेव्हा काय झालं होतं असं विचारून कारण सापडत नाही, आठवणी बदलतात, आणि दोष शोधणारं मन दोषच आठवतं. आधीपासून नोंद ठेवावी लागते, हजारो जणींची, आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा करावा लागतो. तसं केलं की फळ मिळतं. कॅलिफोर्नियात अशा जुन्या नोंदी तपासताना १९९५ मध्ये लक्षात आलं की खूप कमी वजनाच्या ज्या बाळांच्या आयांना इतर कारणांसाठी मॅग्नेशियम सल्फेट दिलं होतं त्यांच्यात सीपी कमी आहे. ही नुसती शंका होती, म्हणून मग चिठ्ठीवाल्या ट्रायल्स केल्या, पाच झाल्या, सहा हजारांवर बाळं, आणि २००९ पर्यंत सिद्ध झालं की वेळेआधी प्रसूती होणार असेल तेव्हा ते दिलं तर साधारण दर ६३ बाळांमागे एका बाळाची सीपी टळते. साधं स्वस्त औषध. नोंदी ठेवल्या नसत्या तर कुणाच्या डोक्यातही आलं नसतं.

आणि एक गोष्ट यातच सांगते कारण ती फार महत्त्वाची आहे. जन्मावेळी खरंच गुदमरलेल्या बाळांना ७२ तास थंड ठेवायचा उपचार आहे, श्रीमंत देशांतल्या ट्रायल्समध्ये त्याने मृत्यू आणि अपंगत्व दोन्ही कमी झालं. मग भारत, श्रीलंका, बांगलादेशमधल्या मोठ्या हॉस्पिटलांत ४०८ बाळांवर तेच तपासलं, २०२१ मध्ये निकाल आला, अपंगत्व कमी झालं नाही आणि मृत्यू उलट वाढले, ३१ टक्क्यांऐवजी ४२. उपकरणं होती, शिकलेले डॉक्टर होते, तरीही. म्हणजे एका जागची ट्रायल दुसऱ्या जागी आपोआप लागू पडत नाही, बाळं कुठल्या अवस्थेत पोचतात, मेंदूला इजा कधी आणि कशी होते हे वेगळं असतं. जगातली सीपीची बहुतेक मुलं गरीब आणि मध्यम देशांत आहेत आणि बहुतेक रिसर्च श्रीमंत देशांत होतो, हे उलटं झाल्याशिवाय कारणांचं चित्र पूर्ण होणार नाही.

प्रश्न : मी ३८ वर्षांची आहे, मला सीपी आहे, नोकरी करते. लहानपणी कुबड्या घेऊन बरीच चालायचे, आता गुडघे आणि कंबर इतकी दुखते की ऑफिसात व्हीलचेअर वापरते. डॉक्टर म्हणतात सीपी वाढत नाही. मग हे काय वाढतंय? तुमच्या लेखातसुद्धा फक्त "मुलं, मुलं" होतं. आम्ही मोठे झाल्यावर आमची सीपी गेली असं समजतात का सगळे?
— एक वाचक

उत्तर : तुमचं बरोबर आहे, आणि फक्त माझ्या लेखाचंच नाही तर जवळपास सगळ्या रिसर्चचं हेच आहे. सीपी असलेल्या बहुतेकांचं आयुष्य मोठं असतं, म्हणजे आज जगात सीपी असलेली मोठी माणसं मुलांपेक्षा जास्त आहेत, आणि तरी अभ्यास अठराव्या वर्षी थांबतात, कारण ते मुलांच्या हॉस्पिटलांत होतात आणि तिथून फाईल बंद झाली की माणूस नजरेआड होतो.

मेंदूतली इजा वाढत नाही हे खरं आहे. पण तीस वर्षं कडक स्नायूंनी वाकड्या कोनात ओढलेले सांधे झिजतात, चालायला इतरांपेक्षा जास्त ताकद लागते, थकवा साचतो, आणि बरेच जण तिशी-चाळिशीत चालणं कमी करतात किंवा सोडतात. "वाढत नाही" हे वाक्य मेंदूबद्दलचं आहे, ते तुमच्या गुडघ्यांना लावणं चूक आहे. सीपी असलेल्या चारातल्या तिघांना दुखण्याचा त्रास असतो असं वेगवेगळ्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून दिसलंय, चारातल्या तिघांना! इतकी मोठी गोष्ट, आणि मोठ्या माणसांसाठी कुठला व्यायाम, कुठलं औषध, किती विश्रांती यावर ठोस ट्रायल्स अगदी मोजक्या आहेत.

अमेरिकेत सीपी असलेली माणसं, त्यांचे घरचे, डॉक्टर आणि थेरपिस्ट यांना एकत्र बसवून विचारलं गेलं की कशावर रिसर्च हवा, २०१८ मध्ये ते छापून आलं. त्या यादीत वय वाढताना शरीराचं काय होतं हा विषय वर आला, आणि सध्याच्या उपचारांमधला कुठला कुणाला चांगला याची तुलना, आणि व्यायाम. वर्षानुवर्षं जे मागे पडलं होतं ते लोकांना विचारल्याबरोबर पुढे आलं. मला वाटतं सगळ्या सुधारणांमध्ये हीच पहिली हवी, प्रश्न ठरवतानाच तुमच्यासारखी माणसं टेबलाशी हवीत, आणि त्यांच्या वेळेचं आणि येण्याजाण्याचं मानधन त्यांना मिळायला हवं, फुकटात सल्ला घ्यायचा नाही.

दुसरं म्हणजे लहानपणापासून सुरू केलेली नोंद मोठेपणी तोडायची नाही. स्वीडनच्या दक्षिण भागात १९९४ पासून सीपी असलेल्या प्रत्येक मुलाची ठरावीक वेळाने तपासणी आणि खुब्याचे एक्सरे असा कार्यक्रम सुरू झाला. आधी साधारण आठ-नऊ टक्के मुलांचा खुबा निखळायचा, या मुलांमध्ये ते प्रमाण एक टक्क्याच्या खाली आलं, कारण सरकायला लागला की लगेच कळायचं. नंतर तो देशभर पसरला आणि मोठ्या माणसांनाही त्यात घेतात. उपचार आणि रिसर्च एकाच नोंदवहीतून चालतात, हे मला फार आवडतं. तुम्ही स्वतःसाठी आत्ता करण्यासारखं म्हणजे दुखणं कुठे, कधी, किती, आणि त्यामुळे काय करायचं राहून गेलं हे लिहून ठेवा आणि "वाढत नाही" म्हणणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवा, हाडांचे किंवा रिहॅबचे डॉक्टर गाठा. व्हीलचेअर वापरताय ते अगदी योग्य करताय, ताकद ऑफिसच्या कामासाठी वाचवा.

प्रश्न : आमची मुलगी अकरा वर्षांची, बोलत नाही, चित्रांच्या बोर्डवर डोळ्यांनी दाखवते आणि तिला सगळं कळतं. सीपीच्या मुलांच्या आयुष्याबद्दलच्या एका सर्व्हेला आम्ही नाव दिलं तर म्हणाले बोलता येणारीच मुलं घेतोय, तुम्ही आईवडील म्हणून फॉर्म भरा. आम्ही भरला नाही. चूक केली का?
— आई आणि बाबा

उत्तर : अजिबात नाही. हे पत्र मी दोनदा वाचलं आणि खूप वाईट वाटलं.

सीपी असलेल्या चौघांपैकी एकाला बोलता येत नाही, साधारण निम्म्या लोकांना बुद्धीच्या बाबतीतही अडचण असते, तिघांतल्या एकाला चालता येत नाही. आणि अभ्यासांचे नियम बघा, "सूचना समजणारी", "स्वतंत्र उभी राहू शकणारी", "फिट्स नसलेली" मुलं घ्यायची. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे तीच बाहेर. सोपी मुलं घेतली की अभ्यास लवकर आटपतो हे मला माहितीये, पण मग निकालही सोप्या मुलांपुरतेच असतात आणि ते सगळ्यांना लावले जातात.

युरोपातल्या सात देशांमध्ये ८ ते १२ वर्षांच्या सीपी असलेल्या ८१८ मुलांचा एक मोठा अभ्यास झाला, २००७ मध्ये पहिले निकाल आले. त्यातल्या ५०० मुलांनी स्वतः उत्तरं दिली. त्यांनी सांगितलेलं त्यांचं आयुष्य, मन, घर, मित्र वगैरे सगळं धरून, त्याच वयाच्या इतर मुलांसारखंच निघालं. किती मोठी गोष्ट आहे ही, कारण मोठी माणसं तसं धरून चालतच नाहीत. आयुष्य जिथे खरंच खालावलेलं दिसलं तिथे दुखणं हे मोठं कारण होतं. आणि त्याच अभ्यासात आईबापांनी मुलांबद्दल भरलेले फॉर्म मुलांच्या स्वतःच्या उत्तरांशी लावून बघितले तर बऱ्याच बाबतीत आईबापांनी कमी मार्क दिले होते. आईबाप खोटं बोलत नाहीत हो, पण ते स्वतःच्या काळजीतून बघतात. मग ज्या मुलांना विचारलंच गेलं नाही त्यांच्याबद्दल आपल्याला काय माहितीये? फक्त आईबापांची काळजी.

हे सुधारता येतं आणि त्याला कुठलं मोठं मशीन लागत नाही. मुलाचाच बोर्ड वापरायचा, प्रश्न लहान आणि चित्रांसकट करायचे, एका बैठकीत सगळं न उरकता तीनदा यायचं, उत्तरासाठी थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं, मध्ये सुचवायचं नाही. जी डोळ्यांनी बोलते तिला हो आणि नाहीची खूण कुठली ते घरच्यांकडून आधी समजून घ्यायचं. हा वेळ रिसर्चच्या बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरायला हवा, नंतर बघू म्हटलं की राहतंच. आणि भाग घ्यायचा की नाही हे आईबापांच्या सहीबरोबर मुलीलाही विचारायचं, ती नाही म्हणाली तर नाही.

मोजायचं काय हाही यातलाच भाग आहे. कितीतरी अभ्यासांमध्ये फक्त स्नायूंचा कडकपणा मोजतात, गुडघा किती अंश वाकतो ते मोजतात. ते मोजा, पण कडकपणा कमी झाला म्हणून मूल मित्रांबरोबर खेळायला लागलं असं होत नाही, त्याची वेगळी नोंद लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्येच सांगितलंय की शरीर, रोजची कामं आणि लोकांमधला सहभाग या तिन्हीकडे बघा. तुमच्या मुलीला विचारलं की तुला काय जमायला हवंय तर ती गुडघ्याचा कोन सांगणार नाही.

तुम्ही एक करा, त्या सर्व्हेवाल्यांना लिहा की आमची मुलगी उत्तरं देऊ शकते, अशा पद्धतीने, आणि आम्ही दाखवायला तयार आहोत. राग न ठेवता लिहा. कधीकधी त्यांना खरंच माहीत नसतं की हे शक्य आहे.

प्रश्न : मॅडम मी फिजिओच्या मास्टर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, डिझर्टेशन सीपीवर करायचंय, फार तर २५-३० मुलं मिळतील. विषय सुचवाल का? नवीन स्केल बनवायचा विचार आहे.
— एक विद्यार्थी

उत्तर : नवीन स्केल नको रे बाबा, मनापासून सांगतेय. जगात प्रत्येकजण आपली वेगळी पट्टी घेऊन मोजतो म्हणून शंभर छोटे अभ्यास एकत्र करता येत नाहीत आणि शेवटी हातात काही राहत नाही. हालचालींसाठी जीएमएफसीएसच्या पाच लेव्हल (वर आलेल्या त्याच) १९९७ पासून आहेत, हातांसाठी एमएसीएस, संवादासाठी सीएफसीएस, तिन्ही प्रत्येक मुलासाठी लिही, वय आणि सीपीचा प्रकार लिही. नुसतं "स्पास्टिक (म्हणजे कडक स्नायूंच्या) सीपीची ३० मुलं" असं लिहिलेल्या अभ्यासात धावणारं मूल आणि मान न धरणारं मूल एकाच सरासरीत जातात, आणि ती सरासरी दोघांपैकी कुणाचीच नसते.

२५-३० मुलांचे दोन गट पाडून फरक सिद्ध करायचा प्रयत्न केलास तर खरा असलेला फरकही दिसणार नाही अशी शक्यता जास्त. त्यापेक्षा पाच-सहाच मुलं घे आणि प्रत्येकाचं उपचाराआधी बऱ्याच वेळा, उपचार चालू असताना बऱ्याच वेळा आणि नंतरही मोजमाप कर, प्रत्येक मुलाला वेगवेगळ्या आठवड्यात सुरू कर, म्हणजे वाढीमुळे झालेला बदल आणि उपचारामुळे झालेला वेगळा ओळखता येतो. प्रत्येक मूल स्वतःचाच कंट्रोल, म्हणजे तुलना त्याची त्याच्याशीच. सीपीमध्ये दोन मुलं सारखी नसतात त्यामुळे ही पद्धत इथे फार शोभते, आणि कुणालाही थेरपीविना ठेवावं लागत नाही. किंवा तुझे गाईड दोनचार कॉलेजांशी बोलून एकच प्रोटोकॉल ठरवत असतील तर सगळ्यांनी मिळून करा, ते सगळ्यात उत्तम.

सुरू करायच्या आधी ट्रायल रजिस्टर कर, काय मोजणार ते आधीच लिहून टाक, आणि फरक पडला नाही तरी छाप. हे तिसरं कुणी करत नाही म्हणून सांगतेय. २०१३ मध्ये सीपीच्या ६४ प्रकारच्या उपचारांचे पुरावे तपासून त्यांना सिग्नलचे रंग दिले होते, हिरवं म्हणजे करा, लाल म्हणजे करू नका. १३१ निकालांपैकी १६ टक्के हिरवे आणि ५८ टक्के पिवळ्यातल्या "करून बघा पण मोजत रहा" या गटातले. आपण रोज देतो त्यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टींचा पुरावा अर्धवट आहे आणि न छापलेले निकाल हे त्याचं एक कारण.

विषय मी सुचवणार नाही. चारपाच आयांशी, एखाद्या बाबाशी आणि सीपी असलेल्या दोन मोठ्या माणसांशी तासभर बोल, तुम्हाला काय कळायला हवंय ते विचार. झोप, दुखणं, टॉयलेटला नेणं, उचलताना आईची कंबर, असलं काहीतरी निघेल. तो तुझा विषय.

प्रश्न : एका सेंटरवाल्यांनी मुलाच्या सीपीसाठी स्टेम सेलचा (वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींचा) "रिसर्च प्रोग्रॅम" म्हणून सांगितलं, पण भरपूर फी आहे. घ्यावं का?
— एक बाबा

उत्तर : थांबा. खऱ्या ट्रायलमध्ये जो उपचार तपासला जातोय त्याचे पैसे सहसा भाग घेणाऱ्याकडून घेत नाहीत. त्यांच्याकडे चार गोष्टी मागा, ट्रायलचा रजिस्ट्रेशन नंबर, एथिक्स कमिटीचं (रिसर्चमध्ये माणसांवर अन्याय होत नाही ना ते बघणारी समिती) मंजुरीचं पत्र, तुलनेसाठी दुसरा गट आहे का, आणि मुलाला काही त्रास झाला तर खर्च कोण करणार हे लेखी. टाळाटाळ झाली की उठून या. स्टेम सेलवर जगात काही ठिकाणी प्रामाणिक ट्रायल्स चालू आहेत, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण पैसे घेऊन नुसते व्हिडिओ दाखवणं याला रिसर्च म्हणायचं नाही. फी भरलेला बाप सुधारणा बघणारच हो, त्यात तुमचा दोष नसतो, म्हणून तर असा पुरावा चालत नाही.

प्रश्न : आमचा मुलगा एका अभ्यासात होता, आम्ही वर्षभर सांगितलं तेव्हा तेव्हा नेलं, रक्त दिलं, एमआरआय केला. संपून बराच काळ झाला, पुढे काय झालं कुणी एका शब्दाने सांगितलं नाही. पुन्हा कुणी विचारलं तर हो म्हणायची इच्छा होत नाही.
— एक आई

उत्तर : इच्छा होणार कशी. तुम्ही दिवस मोडलेत, मुलाला टोचून घेतलंत, आणि त्यांनी दार लावून घेतलं. ही सवय सगळीकडे आहे, निकाल जर्नलमध्ये छापला की काम संपलं असं धरतात, आणि ते जर्नल वाचायला तुमच्याकडे ना पैसे असतात ना ती भाषा कळते. एक पानी, साध्या भाषेतला निकाल प्रत्येक घरी गेलाच पाहिजे, उपयोग झाला नाही असा निकाल असेल तरीसुद्धा, आणि एमआरआय किंवा रक्तात त्या मुलाबद्दल उपचाराच्या दृष्टीने काही महत्त्वाचं दिसलं तर ते त्यांच्या डॉक्टरांमार्फत लगेच कळलं पाहिजे, अभ्यास संपायची वाट न बघता. रिसर्चला पैसे देणाऱ्यांनीच ही अट घातली पाहिजे की घरच्यांना निकाल पोचवल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्ही आत्ताही मागू शकता. सहीच्या फॉर्मची तुमची प्रत शोधा, त्यावर मुख्य संशोधकाचं नाव आणि एथिक्स कमिटीचा फोन असतो. आधी संशोधकाला लिहा, आमच्या मुलाच्या तपासण्यांचे रिपोर्ट आणि अभ्यासाचा निकाल हवाय, महिनाभर वाट बघा, उत्तर नाही आलं तर तेच पत्र कमिटीला पाठवा. मुलाचे रक्ताचे नमुने अजून ठेवलेत का आणि कशासाठी, हेही त्याच पत्रात विचारा. आणि पुढच्या वेळी कुणी विचारायला आलं तर सही करायच्या आधी फॉर्मवर लिहून घ्या की निकाल आम्हाला कधी आणि कसा कळवणार.